मित्रास पत्र : तुळशीचा वास आणि फळमाशी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. फळमाशीचे सापळे माश्यांनी गच्च भरलेत, तरी पेरू सडतोच आहे, हे वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही रोज सापळ्याची डबी उघडून मेलेल्या माश्या मोजायचो आणि फळ कापून बघायचं टाळायचो.

आता एक कर. डबीतल्या माश्या हातावर घे. पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी दिसते का? नाही दिसणार. ती मादीला असते, सालीखाली अंडी घालायला. तुझ्या डबीत पडलेत ते सगळे नर. डबीत आमिष म्हणून ठेवतो त्या मिथाईल युजेनॉल नावाच्या वासाच्या द्रव्याला भुलतात ते तेच. मादी शोधत असते पिकत्या फळाचा वास, आणि तो तुझ्या झाडावर फुकट मिळतोय.

बागेभोवती तुळस लावलीस, म्हणजे माशी पळेल म्हणतोस. अरे बाबा, तुळशीच्या पानात तेच मिथाईल युजेनॉल असतं! कुस्करून सापळ्यात घातलीस तर आमिष होईल, कुंपण नाही. बिहारमधल्या पुसाला हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास दूर राहावेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला नावाच्या सुवासिक गवताचं तेल लावलं, तर त्यावर फळमाश्याच येऊन बसल्या. १९१२ साली हॉवलेटनी यावर लिहिलं आणि पुढे तेलातलं नेमकं द्रव्यही हुडकलं, तेच हे मिथाईल युजेनॉल. नर एवढा वेडा का होतो माहीत आहे? तो ते चाटतो, पोटात त्याचं रूप पालटतो आणि मादीला बोलवायच्या स्वतःच्या गंधात मिसळतो. म्हणजे अत्तर लावूनच स्वारी निघते. म्हणून डबीत विष हवंच. नुसता वास ठेवलास तर नवरदेव सजवून पाठवल्यासारखं होईल.

सापळे काढून टाक असं मी म्हणत नाही. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात विष आणि या वासात भिजवलेले तुकडे विमानातून टाकले, नर संपले आणि माशीच नाहीशी झाली. पण त्या बेटाला चहूकडून समुद्र होता. तुझ्या बागेला शेजाऱ्यांच्या बागा आहेत, तिथून फळलेली मादी उडत येते. तेव्हा सगळ्यांनी मिळून लावा, आणि फळ धरू लागलं की लगेच. पिकायला आल्यावर लावून उपयोग नाही.

आणि खाली पडलेली फळं! इथे मी स्वतः फसलोय. वेचून बांधावर ढीग केला, वर वीतभर माती लोटली, मोठा पराक्रम केल्यासारखा. एक फळ फोडलं तर अळीने शेपटी-डोकं जुळवलं आणि टणकन उडी मारली. त्या अळ्या मातीतच कोष करतात. ढिगातून पुढे माश्या निघाल्या, त्या थेट झाडावर. आता मी दोन हात खोल पुरतो नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकतो.

पुढच्या पत्रात सापळ्यातल्या माश्यांचा आकडा नको. दहा पेरू काप आणि किती किडके निघाले ते लिही.

तुझाच,
जुना मित्र