‘डिलीट’ दाबण्याआधी आम्हाला थांबवल्याबद्दल आभार

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या कार्यालयातील संगणकांना फाइलींत शिरणाऱ्या व्हायरसची बाधा झाली, त्या वेळी आपण केलेल्या मदतीबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न ठेवता सर्वांसमोर मांडण्याचे कारण एवढेच, की आपण आम्हाला जे समजावून सांगितले ते अशा पेचात सापडलेल्या इतरांच्याही उपयोगी पडावे. संगणक पुन्हा सुरू झाले याचा आनंद आहेच. परंतु काय काढून टाकायचे, काय दुरुस्त करायचे आणि दुरुस्तीनंतरही कशावर भरवसा ठेवायचा नाही, हा फरक आपण ज्या चिकाटीने उलगडून दाखवला, त्याचे ऋण अधिक वाटते.

आपण आलात तेव्हा परिस्थिती अशी होती: अँटिव्हायरस सुरू केला की काही क्षणांत बंद पडत असे, टास्क मॅनेजर उघडू पाहिल्यास तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केल्याचा संदेश येत असे, आणि सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीत) जाण्याचा प्रयत्न केला की निळ्या पडद्यापुढे काही सरकत नसे. ही लक्षणे ऐकून आपण सॅलिटीचे नाव घेतले, पण स्कॅनचा निकाल हाती येईपर्यंत तो केवळ अंदाज समजावा, असेही बजावले. २००३ पासून निरनिराळ्या रूपांत वावरणारा हा व्हायरस रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवते त्या नोंदवहीतील) सेफ मोडच्या नोंदीच पुसून टाकतो, संरक्षक प्रोग्रामच्या प्रक्रिया बंद पाडतो आणि नेटवर्कवरील सामायिक फोल्डर व पेन ड्राइव्ह यांच्या वाटेने पुढे सरकतो, हे आपल्याकडून कळल्यावर एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या त्या तक्रारींची संगती लागली.

त्या वेळी स्कॅनरने दाखवलेल्या सगळ्या फाइली निवडून पुसून टाकण्याची आमची पूर्ण तयारी झाली होती. आपण हात धरला नसता तर विंडोजसकट बहुतेक प्रोग्राम त्याच दिवशी गेले असते. ट्रोजन (उपयुक्त असल्याचे भासवणारा घातक प्रोग्राम) सहसा स्वतंत्र फाइल म्हणून राहतो, त्यामुळे ती फाइल आणि तिला सुरू करणारी नोंद काढली की बरेचसे काम होते. फाइलींत शिरणारा व्हायरस मात्र आपल्याच कामाच्या प्रोग्राममध्ये बिऱ्हाड करतो. सॅलिटी एक्झी फाइलच्या (विंडोजमध्ये प्रोग्राम ज्या फाइलीतून चालतो तिच्या) शेवटच्या विभागात आपला कूटबद्ध मजकूर घुसवतो, प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथला मूळ कोड बदलून नियंत्रण आधी स्वतःकडे वळवतो, आणि काढलेला मूळ तुकडा स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. प्रोग्राम नेहमीसारखा चालतो तो याचमुळे, आणि फाइलची वाढलेली शेपटी नुसती कापून भागत नाही तेही याचमुळे. तो तुकडा शोधून, उलगडून, मूळ जागी बसवावा लागतो. शिवाय प्रत्येक फाइलमध्ये हा कूटबद्ध मजकूर वेगळा दिसत असल्याने एकच ठरावीक खूण शोधून काम होत नाही.

सगळे व्हायरस एकाच रीतीने वागत नाहीत, हेही आपण उदाहरणांनी स्पष्ट केले. १९९८ मधील सीआयएच हा व्हायरस फाइलमधल्या रिकाम्या जागांत तुकड्यातुकड्यांनी मावत असे, म्हणून फाइलचा आकार वाढत नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी त्यानेच असंख्य संगणकांच्या हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग आणि बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) यांवर कचरा लिहिला. आकार पाहून निदान करू नये, हे त्यावरून पटले. रॅमनिट हा व्हायरस एचटीएमएल पानांच्या (वेबपानांच्या फाइलींच्या) शेवटीही स्क्रिप्ट जोडतो, तेव्हा ‘संसर्ग फक्त प्रोग्रामना होतो’ हा समज चुकीचा ठरतो. नेश्टा या व्हायरसची गोष्ट तर मला विशेष लक्षात राहिली. तो स्वतःला फाइलच्या आरंभी जोडतो आणि प्रत्येक एक्झी फाइल आपल्यामार्फतच उघडावी अशी रजिस्ट्रीत व्यवस्था करून ठेवतो. रजिस्ट्रीतली ती नोंद पूर्ववत न करता त्याची विंडोज फोल्डरमधील फाइल घाईने उडवली, तर नंतर एकही प्रोग्राम उघडत नाही. अशा वेळी दोष व्हायरस काढणाऱ्याच्या घाईचा असतो, आणि बोल मात्र संगणकाला लागतो.

कामाच्या क्रमाबद्दल आपण जो आग्रह धरला, तो आरंभी मला अतिरेकी वाटला होता. चालू विंडोजमधून स्कॅन का करू नये, याचे आपण दिलेले कारण ऐकल्यावर तो आग्रह किती रास्त होता हे समजले. १९८९ मधील डार्क अ‍ॅव्हेंजर हा व्हायरस मेमरीत असताना नुसत्या उघडल्या गेलेल्या फाइललाही बाधा करीत असे. विरुट हा व्हायरसही विंडोजच्या फाइल उघडण्याच्या कार्यात हस्तक्षेप करून तेच साधतो. स्कॅनरला तर तपासण्यासाठी प्रत्येक फाइल उघडावीच लागते. म्हणजे व्हायरस जागा असताना चालवलेले स्कॅन त्याला डिस्कच्या कानाकोपऱ्यात घेऊन जाणारा वाटाड्या ठरू शकते.

म्हणून आपण प्रथम सर्व संगणकांची नेटवर्क केबल काढायला लावली, बाधा नसलेल्या वेगळ्या संगणकावर रेस्क्यू डिस्क (विंडोज सुरू न करता संगणक तपासणारी डिस्क) तयार केली, आणि प्रत्येक संगणक तिच्यावरून बूट करून सगळी पार्टिशन तपासली. स्कॅनरला ‘पुसा’ असे न सांगता ‘आधी दुरुस्त करा, दुरुस्त न झाल्यास विचारा’ असे सांगण्याची सेटिंग आपण स्वतः दाखवली. एक संगणक स्वच्छ झाला म्हणून तो लगेच नेटवर्कला जोडू दिला नाही. शेवटचा संगणक आणि शेवटचा पेन ड्राइव्ह तपासून होईपर्यंत कोणालाही कोणाशी जोडायचे नाही, हा नियम आपण मोडू दिला नाही. केवळ सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले, तरी डी ड्राइव्हमधील एखादी जुनी सेटअप फाइल चालवताच सारे पुन्हा सुरू होते, हे सांगून आपण आमची दुसरी घाईही रोखली.

पुढची आवराआवर तुलनेने सोपी होती. एसएफसीने (विंडोजमधील फाइल तपासणी साधनाने) विंडोजच्या फाइली तपासल्या, सेफ मोडच्या आणि टास्क मॅनेजरच्या नोंदी पूर्ववत केल्या, फायरवॉलमध्ये नकळत घातलेल्या सवलती काढल्या. असे व्हायरस दुसरे मालवेअरही (घातक प्रोग्राम) ओढून आणतात, म्हणून सगळे पासवर्ड स्वच्छ उपकरणावरून बदलायला लावले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहावेसे वाटले, तिच्याकडे येतो. आमच्या नोंदी ज्या जुन्या प्रोग्राममध्ये आहेत, त्याची मूळ डिस्क उपलब्ध नाही आणि तो तयार करणारी संस्थाही आता अस्तित्वात नाही. स्कॅनरने ती फाइल दुरुस्त झाल्याचे कळवले, प्रोग्राम उघडला, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आपण मात्र ‘झाले’ हा शब्द उच्चारला नाही. दुरुस्त फाइल मूळ फाइलशी बाइट न् बाइट जुळतेच असे नाही, हे आपण दुसऱ्या एका प्रोग्रामवर दाखवले: दुरुस्तीनंतरही त्याची डिजिटल स्वाक्षरी (फाइल निर्मात्याचीच आणि न बदललेली असल्याची खूण) अवैध ठरत होती आणि त्याचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या हॅशशी जुळत नव्हता. म्हणून ज्या प्रोग्रामची अधिकृत प्रत मिळू शकते, तो दुरुस्त झाला असला तरी काढून नव्याने टाकावा, आणि दुरुस्ती केवळ ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी राखून ठेवावी, असा निवाडा आपण दिला. आमच्या जुन्या प्रोग्रामला तर ना स्वाक्षरी होती ना तुलनेसाठी हॅश. तेव्हा तो इंटरनेट नसलेल्या आभासी संगणकात (संगणकाच्या आत प्रोग्रामने उभारलेल्या वेगळ्या संगणकात) ठेवून, त्यातील नोंदी साध्या सीएसव्ही फाइलींत (स्वल्पविरामाने विभागलेल्या नुसत्या मजकुराच्या तक्त्यांत) बाहेर काढण्याचा मार्ग आपण सुचवला. आणि बाधा विरुटची असती तर आपण दुरुस्तीच्या भानगडीत पडलाच नसता, कारण त्याच्या सदोष लेखनामुळे अनेक फाइली कायमच्या बिघडतात. केवळ दस्तऐवज वाचवून बाकी सर्व फॉरमॅट केले असते, हेही आपण मोकळेपणाने सांगितले.

‘संगणक शंभर टक्के स्वच्छ आहे’ असे वाक्य ऐकण्याची आम्हाला फार इच्छा होती, आणि ते बोलून आपण आमचा निरोप सहज घेऊ शकला असता. ते न बोलता जे तपासले, जे तपासता आले नाही आणि जे बदलून टाकले त्याची स्वतंत्र नोंद आपण लिहून दिली. त्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार.

जुन्या प्रोग्राममधील नोंदी बाहेर काढण्याचे काम आता निम्म्याच्या पुढे गेले आहे. ते पूर्ण झाल्यावर तो आभासी संगणकही, आपल्या सूचनेप्रमाणे, पुसून टाकू.

आपला कृतज्ञ,
कार्यालयातील संगणकांची देखभाल पाहणारा एक कर्मचारी