पंधरा ऑगस्टच्या आधी पोचावं म्हणून

टोरँटो, 4 ऑगस्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. माझी कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ झाली. आपल्या 1955च्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व बसत नाही. दुसरं घेतलं की भारताचं आपोआप जातं. दोन्ही ठेवता आली असती तर ठेवलीच असती, बाबा.

शपथेत राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांच्या वारसांशी निष्ठेचं वाक्य आहे. आजोबांच्या स्वातंत्र्यसैनिकाच्या ताम्रपटाखाली बसून हे वाचताना तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. 2021 पासून त्याच शपथेत इथल्या मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करणाऱ्या घटनेचाही उल्लेख आहे. आजोबांना निदान तेवढं पटलं असतं.

का केलं, ते सांगते. पीआर, म्हणजे इथला कायम वास्तव्याचा परवाना, टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावं लागतं. उद्या बाबांच्या गुडघ्यांचं काही निघालं, तर मी दिवस मोजत तिथे राहायचं का? नागरिकाला ती अट नाही. जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. ते आलं की आयुष्यभर कितीही वेळा यावं, कितीही दिवस राहावं. मत तेवढं देता येणार नाही. मतदार यादीतून नाव वगळायला फॉर्म 7 भरायला घेतला, तो अजून टेबलावर तसाच पडलाय. इथल्या 1 जुलैला, कॅनडा दिनाला, अजून पाहुण्यासारखं वाटतं, आणि आपल्या 15 ऑगस्टला आता चोरट्यासारखं.

आई, तू डोळे पुस. गॅसचं बुकिंग, बाबांच्या गोळ्या, लाइटबिल सगळं आधीसारखं मीच बघणार आहे. गोडा मसाला संपत आलाय, तोही आधीसारखा तुझाच लागेल.

बाबा, झेंड्याचं ऐका. कप्पी आदल्या दिवशी ओढून बघायला सांगा. पावसात सुती दोर फुगतो आणि ऐन वेळी अडकतो. बांधताना केशरी पट्टा वर आहे ना, हे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, चष्मा विसरता तुम्ही. ध्वजसंहितेतल्या 2022च्या दुरुस्तीनंतर झेंडा रात्रीही ठेवता येतो, तेव्हा संध्याकाळी उतरवायला एकटे गच्चीवर जायचं नाही. बीपीची गोळी आणि नाश्ता करूनच निघायचं. राष्ट्रगीत झालं की खुर्चीत बसायचं, भाषण बसूनही ऐकता येतं.

तुमची,
मनी

ता. क. रागावू नका, पण लिहायला हवं. वरच्या रानाचं माझ्या नावे बक्षीसपत्र करू नका. ओसीआयला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, वारशाने मात्र येते. घाई कसलीच नाही. तुम्ही दोघं शंभर वर्षं तिथे ज्वारी पेरा, आणि सातबारा आहे तसाच राहू दे.