परसातली एकेरी लाइन

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की साठी उलटलेली माणसं सुट्टीच्या दिवशी चार-चार तास त्या लुटुपुटीच्या आगगाडीशी करतात तरी काय? तेव्हा आवाज तुटत होता, मागून आई "आधी तब्येतीचं विचारा" म्हणत होती, त्यात उत्तर अर्धवट राहिलं. आता सविस्तर लिहिते. तब्येत उत्तम. गुडघे तेवढे कुरकुरतात, त्याचं कारण पुढे येईलच.

लाइन तुम्ही फोटोत पाहिलीत. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ साली एलजीबी या नावानं या मापाच्या गाड्या आणल्या आणि उघड्यावर, ऊन-पावसात गाड्या चालवण्याचा छंद त्यानंतर फार फोफावला. त्यांचं प्रमाण एकास साडेबावीस. आता एक मीटरला साडेबावीसनं भागा. चव्वेचाळीस मिलिमीटर आणि वर थोडं. म्हणजे ही चक्क मीटरगेज, दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनीची छोटी आवृत्ती! तुमची निम्मी नोकरी मीटरगेजवर गेली, म्हणून मुद्दाम हिशेब मांडून दाखवला.

स्टेशनं चार: शेड, हौद, पायरी आणि कुंपण. शेडला यार्ड, हौदाला आणि पायरीला लूप (मेन लाइनीला समांतर, दोन्ही टोकांना जोडलेला दुसरा रूळ), कुंपणाला लाइन संपते. हौद ते पायरी हा १८ मीटरचा सलग चढ आहे, पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर उंची. मीटरगेजच्या हिशेबात हे अंतर जेमतेम ४०० मीटर भरतं, पण चढावर सहा वाघिणी (मालडबे) ओढताना इंजिनाचा आवाज बदलतो आणि बघणाऱ्याचाही श्वास जरा अडकतो.

सुरुवातीला आमची लाइन नुसती गोल होती. मंडळी यायची, गाडी फिरायची, सगळे "वा, वा" म्हणायचे आणि दहा मिनिटांत सगळ्यांची पाठ रुळांकडे. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, गाडी आपली एकटीच गोल गोल. फिरणारी गाडी कितीही देखणी असली तरी माणूस तिच्याकडे फार वेळ बघत नाही. पण त्याच माणसाच्या हातात एक कागद द्या, "ही वाघीण हौदाच्या वखारीत लावून या" म्हणा, की तो उन्हातान्हात बसकण मारतो आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणून आम्ही तो गोल तोडला आणि लाइनला दोन टोकं दिली.

कागदांची पद्धत साधी आहे. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, त्यावर नंबर आणि जात लिहिलेली. कार्डाला खिसा असतो, त्यात एक चिठ्ठी खोचायची. चिठ्ठीवर चार मुक्काम असतात, त्यातला एकच बाहेर दिसतो: हौद, वखार, लाकूड उतरवणे. पुढच्या बैठकीआधी चिठ्ठी फिरवायची की दुसरा मुक्काम वर येतो. तीच वाघीण आता रिकामी कुंपणाला जाणार असते. तुमच्या गुड्स क्लार्कच्या वहीचं हे धाकटं भावंड समजा. गाडी सोडताना त्या गाडीच्या कार्डांची गड्डी गार्डाच्या हातात द्यायची, बस्स. बाकी काही सांगावं लागत नाही.

प्रत्येक गाडीला दोन माणसं, ड्रायव्हर आणि गार्ड. ड्रायव्हरच्या हातात रिमोट, गार्डाच्या हातात कार्डं. जोड्या लावणं हे माझ्याकडे आणि मला विचाराल तर यजमानाचं निम्मं काम तिथेच होतं. नव्या माणसाला कधीही ड्रायव्हर करायचं आणि मुरलेल्याला गार्ड. उलटं केलं, की मुरलेला माणूस न बोलता सगळं उरकून टाकतो आणि नवा नुसता मागे मागे फिरतो. नवरा-बायकोला एका गाडीवर ठेवायचं नाही. याचं कारण लिहायला नको. एक गृहस्थ काठी घेऊन चालतात, त्यांच्यासाठी शेडचं यार्ड कमरेएवढ्या उंचीवर फळ्यांवर उचललंय. ते खुर्चीत बसून रेक, म्हणजे डब्यांची रांग, बनवतात आणि त्यांच्याशिवाय एक गाडी सुटत नाही. पायरीची स्टेशनमास्तर शेजारची दहा वर्षांची मुलगी. तिच्याइतकं कडक कोणी नाही. बाकीच्या स्टेशनांवर मात्र सगळं जमिनीलगत, आणि आई, माझ्या गुडघ्यांचा उलगडा इथे होतो.

मंडळी यायची त्या दिवशी सकाळ आमची असते. घरातल्या मॉडेलवाल्यांना धूळ पुसली की झालं. आम्हाला आधी गँगमन व्हावं लागतं. वाऱ्यानं पडलेल्या काटक्या उचलायच्या, सांध्यांच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलतो त्या जागांच्या, जिभेत अडकलेला खडा काढायचा, बोगद्यातून कुंचा फिरवून कोळ्याची जाळी ओढायची. गोगलगायींना रूळ का आवडतात देव जाणे, पण सकाळी एक तरी बसलेलीच असते, आणि इंजिनाचं चाक तिच्या वाटेवरून गेलं की जागच्या जागी गरगरतं. मग एक इंजिन आणि आमची सगळ्यात हट्टी वाघीण जोडून शेड ते कुंपण एक फेरी. ती वाघीण घसरली नाही, तर बाकीच्या घसरणार नाहीत.

रूळ पितळेचे आहेत. पितळ गंजत नाही, पण काळवंडतं आणि मग रुळातून वीज नीट चढत नाही. पूर्वी तासन् तास रूळ घासण्यात जायचे. आता इंजिनाच्या मागच्या डब्यातच बॅटरी असते आणि रिमोटचा हुकूम रेडिओवरून जातो, त्यामुळे रूळ फक्त चालायला. सांधेही हातानंच बदलायचे. छोट्या मोटरी लावून पाहिल्या, पण मुंग्या आणि पाणी यांच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. शिवाय गार्डानं खाली वाकून सांधा मारला, की तो कुठल्या बाजूला पडलाय हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

उन्हाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहा मीटर पितळी रूळ तीस अंशांनी तापला तर सहाएक मिलिमीटर लांबतो. म्हणून जोडांत फट ठेवलीय आणि रूळ कशाला पक्का ठोकलेला नाही, नुसता खडीत बसवलाय. खडी फोडलेल्या दगडाची, धारदार कडांची. शोभेची गोल खडी टाका असं इकडे पुष्कळ जण सुचवतात. गोल खडी एकमेकींत अडकत नाही, चाकाखाली सरकते. मी त्यांना सांगते, माझ्या वडिलांनी मला हे मी फ्रॉकमध्ये असताना दाखवलंय.

आता मागच्या बैठकीतला एक प्रसंग सांगते, म्हणजे चार तास कसे जातात ते कळेल.

शेडहून मालगाडी निघाली. इंजिन, सहा वाघिणी, गार्डाचा डबा. इंजिनाला लागून असलेली पहिलीच वाघीण हौदाच्या वखारीत लावायची होती. आणि शेडहून येताना वखारीचा सांधा फेसिंग पडतो, म्हणजे फाटा गाडीच्या पुढच्या दिशेला फुटतो. तुम्ही आत्ताच हसला असाल. इंजिन पुढे, वाघीण मागे. सायडिंग, म्हणजे वखारीचा बंद फाटा, समोर उघडते, तर वाघीण आत ढकलणार कशी? लूपमधून इंजिन फिरवून मागे आणायला हवं. ड्रायव्हर नवा, गार्ड जरा मुरलेला. दोघांनी अख्खी गाडी हौदाच्या लाइनीत घेतली. लूप पाच वाघिणींचा. गाडीची शेपटी एका सांध्यावर, इंजिनाचं तोंड दुसऱ्या सांध्यावर, दोन्ही बंद. इंजिन सुटणार कुठून?

दोघं उकिडवे बसले. गार्डानं कार्डं रुळाशेजारी त्याच क्रमानं मांडली आणि बोटानं पुढे-मागे सरकवत राहिला. ड्रायव्हरच्या हातात बांबूची काडी होती, कपलिंग, म्हणजे डब्यांची जोडणी, सोडवायची. तो ती दातांत धरून बसला. मला उत्तर ठाऊक होतं, पण मी फुलझाडांकडे बघत उभी राहिले. यजमानानं तोंड उघडलं की पाहुण्याचा खेळ संपला. बऱ्याच वेळानं गार्ड म्हणाला, "बाकीच्यांना आत आणायचंच कशाला?" मग गाडी मागे रेटली, पहिल्या वाघिणीमागचं कपलिंग काडीनं उचललं, पाच वाघिणी आणि गार्डाचा डबा स्टेशनाबाहेर मेन लाइनवर उभे केले. एकटी वाघीण घेऊन इंजिन आत आलं, सुटलं, लूपमधून फिरून तिच्या मागे लागलं आणि वखारीत ढकलून मोकळं झालं. वाघीण बफरशी पोचली तेव्हा ड्रायव्हरचा चेहरा एखादी खरी गाडी लावल्यासारखा झाला होता.

एवढा वेळ शेड-हौद सेक्शन, म्हणजे त्या दोन स्टेशनांमधली लाइन, अडलेलं. शेडला पॅसेंजर सुटायच्या तयारीत, आणि आमचं घड्याळ चौपट पळतं. ताशी ३० किलोमीटरचा वेग म्हणजे आमच्या प्रमाणात सेकंदाला ३७ सेंटिमीटर. खऱ्या घड्याळावर एका स्टेशनाहून दुसरं मिनिटभरात येतं, मग टाइमटेबल कसलं करणार? म्हणून खऱ्या पंधरा मिनिटांचा आमचा तास. त्या हिशेबानं पॅसेंजर दीड तास लेट. पायरीची स्टेशनमास्तरीण वॉकीटॉकीवर दर मिनिटाला विचारत होती, कुंपणाहून येणारी गाडी मी किती वेळ धरून ठेवू? काठीवाले गृहस्थ शेडमधून शांतपणे म्हणत, "धरून ठेव." एका फेसिंग सांध्यापायी चारही स्टेशनं कामाला लागली. कोणाला घरी जायची आठवण राहिली नाही ती अशी.

अर्थात हे सगळं वाघिणी मोजक्या असल्या तरच. हौशी यजमान सायडिंगा गच्च भरतो, जेवढे डबे कपाटात तेवढे रुळांवर मांडतो. मग एक वाघीण काढायला चार हलवा, त्या चार ठेवायला जागा नाही, आणि मंडळी तासाभरात वैतागतात. सायडिंगा निम्म्या रिकाम्या हव्यात. आमच्या मंडळात हे पटवायला मला वेळ लागला, कारण जो तो आपलं आवडतं इंजिन घेऊन येतो. आणलेलं इंजिन चालवू द्यावंच लागतं, नाहीतर माणूस दुखावतो. त्यासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवलाय. तेव्हा ना कार्डं, ना घड्याळ. ज्यानं त्यानं आपली गाडी शेडहून कुंपणाला न्यावी आणि आणावी. एक जण वाफेचं खरं इंजिन आणतो, गॅसवर पाणी उकळून चालणारं. शंटिंगला, म्हणजे डबे लावायला-काढायला, ते कुचकामी, एकदा वाफ धरली की त्याच्या मर्जीनं चालतं, पण चढावर त्याला ऐकावं.

आता मुद्द्याचं. बाबा, एकेरी लाइनवर आमचं सगळं तोंडी चाललंय. "हौद मोकळं का?" "मोकळं." एवढ्यावर गाडी सुटते. मागे एकदा उतारावर दोन इंजिनं समोरासमोर आली. दोन्ही ड्रायव्हर शपथेवर सांगत होते की लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, मिळाला. प्रत्येक सेक्शनला एक लाकडी दांडका करावा, दांडका हातात असेल त्यानंच जावं, असं ठरत होतं. पण एकाच दिशेनं लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या, तर दांडका पहिल्या गाडीबरोबर पलीकडे गेलेला. तो चालत परत आणायचा का? तुमच्याकडे स्टेशनातल्या नीलच्या यंत्रातून एका वेळी एकच गोळा, म्हणजे गाडीचा जायचा परवाना, बाहेर पडायचा आणि दोन्ही टोकांची यंत्रं तारेनं बांधलेली असायची. ते परसात कोण करणार? उघड्यावर मोटरी टिकत नाहीत, तिथे यंत्र कुठलं टिकायला!

म्हणून तुम्हाला एक काम. यंत्र बंद पडलं की तुम्ही कागदावर लाइन क्लिअर द्यायचात, पलीकडच्या मास्तराशी फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीसाठीचे गुप्त आकडे, अदलाबदल करून. त्या पेपर लाइन क्लिअरचा नमुना आमच्या चार स्टेशनांपुरता सोपा करून द्या. गाडीचा नंबर, कुठून कुठे, वेळ, प्रायव्हेट नंबर, सही, एवढं पुरे. दहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या गृहस्थांना सारखाच भरता आला पाहिजे. हातानं काढून फोटो पाठवलात तरी चालेल, इकडे टाइप करून छापून घेईन. आणि गाडी पूर्ण पोचली हे कशावरून धरायचं तेही लिहा. आमच्याकडे कपलिंग सुटून मागच्या दोन वाघिणी चढावर राहिल्या तर पुढच्याला पत्ताच लागत नाही. शेवटच्या डब्याला लाल पाटी लावून मास्तरानं ती बघितल्याशिवाय सेक्शन मोकळा द्यायचा नाही, असं मी म्हणते. जावई म्हणतात, एवढं कशाला. तुमचा शब्द आला की ते गप्प बसतील.

आईस सा. न. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. प्रायव्हेट नंबरांचा तक्ता दर बैठकीला नवा करायचा, की एकच वर्षभर पुरेल? स्टेशनमास्तरीणबाई पाठ करून ठेवतील अशी मला दाट शंका आहे.