मंत्रिमहोदय, बाळाचं वजन झालं, आईचं बीपी कोण बघणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला गेले होते. सिस्टरांनी माझ्यासमोरच कार्ड उघडलं आणि बाळंतपणानंतरच्या घरभेटींचे सगळे रकाने एका दमात भरून टाकले. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, थेट बेचाळिसावा. म्हटलं, "अहो, यातली एकच झाली." तर म्हणाल्या, "रिपोर्ट वर जातो, ताई." वर म्हणजे आपल्याकडेच ना? म्हणून आपल्याला लिहिते आहे.

त्या एका भेटीत आशाताईंनी बाळाला काट्याच्या झोळीत घालून वजन केलं, ताप पाहिला, नाळ पाहिली. मी म्हटलं, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, पाय सुजलेत. त्यांच्या पिशवीत बीपीचं मशीनच नव्हतं. उपकेंद्रात दाखवा म्हणाल्या. उपकेंद्राला कुलूप. घरचे म्हणाले, जागरणाने होतं. त्या रात्री मला झटके आले. शुद्धीवर आले ती खासगी दवाखान्यात, आणि तोवर डिपॉझिटपायी मंगळसूत्र गहाण पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी असं उसळू शकतं, वेळेत मोजलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. गोळ्यांवर!

आशाताईंवर माझा राग नाही. सगळ्या भेटी मिळून त्यांना 250 रुपये, तेही वेळेवर नाहीत. 2023 मध्ये त्या संपावर बसल्या होत्या, ते आपण विसरला नसालच.

सिझेरियन झालं त्या सरकारी रुग्णालयाच्या भिंतीवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा फलक आहे. योजना 2011 ची, फलकाचा रंगही तेव्हाचाच असावा. औषधं मोफत, रक्त मोफत, सिझेरियनला 7 दिवस जेवण मोफत, घरी सोडायला गाडी मोफत. मला टाके ओले असतानाच खाट रिकामी करायला लावली, कारण दुसरी बाई व्हरांड्यात सतरंजीवर ताटकळत होती. गाडीत डिझेल नव्हतं. पोटाला उशी दाबून वडापच्या जीपने घरी आले. 15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या रुग्णालयांत सगळे उपचार निःशुल्क झाले म्हणे. इंजेक्शनची चिठ्ठी मात्र बाहेरच्या मेडिकलचीच होती.

तुमच्या भाषणात शंभरातली पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. एसआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना सर्वेक्षणाच्या, 2018-20 च्या आकड्यांत राज्यात लाख जन्मांमागे 33 मातामृत्यू, देशात 97. टाळ्या! मी मेले नाही, म्हणजे त्या हिशेबात मीही तुमचं यशच. बाळ बाहेर आलं की रजिस्टर मिटतं. पुढे बाईला रक्तस्राव होवो, टाके पिकोत, नाही तर ती भिंतीकडे तोंड करून रडत बसो, कोणत्या रकान्यात लिहिणार?

पैशांचंही तेच. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, त्यात बाळंतिणीला किमान 6000 लिहिलेत. मातृवंदना योजना पहिल्या बाळाला 5000 देते. उरलेले म्हणे जननी सुरक्षा योजनेतून, आणि ती आपल्या राज्यात फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना. हे तुमच्या खात्याचं नाही, महिला-बालविकासचं, असं म्हणाल. गाडी कंत्राटदाराची, औषधं खरेदीवाल्यांची, आशा केंद्राची. मग तुमचं नेमकं काय, उद्घाटनाची फीत? ज्यांना 26 आठवडे पगारी रजा मिळते त्यांच्याकडे डॉक्टरही असतो. माझ्यासारखी महिन्याभरात रोजंदारीवर उभी राहते आणि वर ऐकून घेते की स्वतःकडे लक्ष देत नाही.

मागणं मोठं नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळंतिणीचं बीपी घरी येऊन मोजलं जावं आणि ती सांगते ते लिहून घेतलं जावं. बीपीचं मशीन बाजारात हजार-दीड हजाराला मिळतं. पुढच्या पुरवणी मागण्यांत, अधिवेशनात जादा खर्च मंजूर करून घेता त्यांत, टाका. निविदेत ते केवढ्याला पडेल, हे तुम्हालाच ठाऊक.

आपली,
एक बाळंतीण