अकरावीचा पहिला महिना फक्त मोलसाठी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकरावी विज्ञानच्या पहिल्या घटक चाचणीचे पेपर मुलांच्या हातात पडले की खान्देशातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवलेल्या मुलीला रसायनशास्त्रात 25 पैकी 6 गुण कसे पडले? मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवून निवृत्त झालो. आजही अमळनेर-पारोळा भागातली मुले-मुली संध्याकाळी वह्या घेऊन येतात. पालक सोबत असले तर पहिला प्रश्न ठरलेला: 'सर, हिला सायन्स झेपत नसेल तर आताच आर्ट्‌सला टाकू का?' मुलगी मान खाली घालून उभी असते. त्या सगळ्या आई-वडिलांना मला आपल्या पत्रातून सांगायचे आहे की पोरगी ढ नाही. तिचा मोलचा पाया घालायचा राहून गेला आहे, आणि तो घालता येतो. मोल म्हणजे, जसे डझनाने केळी मोजतो तसे अणू-रेणू मोजायचे रसायनशास्त्राचे एकक.

एक उदाहरण देतो. कॉस्टिक सोड्याचे 0.1 मोलार, म्हणजे लिटरमागे 0.1 मोल असलेले, द्रावण 250 मिलिलिटर बनवायचे आहे, सोडा किती घ्याल? या सोड्याचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, रेणुवस्तुमान 40 (एका मोलचे वजन 40 ग्रॅम) धरले तर उत्तर येते 1 ग्रॅम. वह्यांमध्ये मात्र मला पुन्हा पुन्हा 1000 ग्रॅम दिसते. 0.1 गुणिले 250 गुणिले 40 केले, मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले. अशी चूक कोणाचीही होते. मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये किलोभर कॉस्टिक मावणार कसा, हा प्रश्न त्या मुलाला पडतच नाही. सूत्र पाठ आहे, आकडे घातले आहेत, पण एक ग्रॅम सोडा तराजूवर केवढा दिसतो आणि फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी कसे भरायचे, हे त्याने कधी पाहिलेले नाही.

असे का होते? राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात मोल एकदा भेटतो. दहावीत समीकरणे संतुलित करायला शिकवतात, मोलची उजळणी मात्र होत नाही. मधे एक अख्खे वर्ष आणि बोर्डाची परीक्षा जाते. अकरावीच्या पहिल्याच धड्यात तो पुन्हा येतो, तेव्हा पुस्तक इंग्रजी झालेले असते, वर्गात शंभराच्या आसपास मुले असतात, आणि पंधरा दिवसांत धडा संपवून सर पुढे निघून गेलेले असतात. त्यात भर म्हणजे क्लासवाल्यांचा हिशेब. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत अकरावीचा भार 20 टक्के, बारावीचा 80 टक्के. शिवाय अकरावीची परीक्षा बोर्डाची नाही, ती महाविद्यालयच घेते. मग अकरावी 'उरकायची' आणि बारावीला जोर लावायचा, असा सल्ला उघडपणे दिला जातो. हा सल्ला साफ चुकीचा आहे. बारावीतल्या द्रावणांच्या धड्यात मोलॅलिटी, म्हणजे किलोभर द्रावकात विरघळलेले मोल, लागते. विद्युतरसायनात 96500 कूलोम म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार. अभिक्रियेचा वेग मोजायचा तोही दर लिटरला किती मोल, याच भाषेत. ज्याचा मोल कच्चा, त्याला बारावीचे हे धडे पाठ करून काढावे लागतात, आणि पाठ केलेले रसायनशास्त्र 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या या विषयाच्या 45 प्रश्नांपुढे टिकत नाही.

प्रात्यक्षिकांविषयी तर मनापासून वाईट वाटते. बारावीला 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, म्हणून जर्नल पूर्ण असते. पण अनेक जर्नलांत ब्युरेटची (थेंब थेंब द्रव सोडायच्या खुणांच्या काचनळीची) तिन्ही वाचने जशीच्या तशी एकसारखी, शेजारच्याच्या वहीतून उतरवलेली. माझे म्हणणे एवढेच की निदान एक अनुमापन (एका द्रावणात दुसरे मोजून सोडत अभिक्रिया पुरी करणे) तरी प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने करावे. ऑक्झॅलिक आम्लात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ते साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचे आणि वरून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब सोडायचे. पहिले थेंब विरायला वेळ लावतात. जरा वेळाने रंग झपाट्याने जाऊ लागतो, कारण अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. आणि मग एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा हलवूनही जात नाही. त्या क्षणी दोन मोल परमँगनेटला पाच मोल ऑक्झॅलिक आम्ल हे फळ्यावरचे गणित मुलाला डोळ्यांनी दिसते. आमच्या भागातली पोरे तर त्या वेळी थेट अहिराणीत प्रश्न विचारू लागतात, आणि प्रश्न पक्के असतात.

इथल्या मुलांना समजेल असे शिकवायला सामग्रीही इथेच आहे. कापूस-केळीच्या घरात युरियाची गोणी नवी नाही. तिच्यावर 46 टक्के नत्र छापलेले असते. युरियाचे रेणुवस्तुमान 60, त्यात नत्राचे 28, भागून पाहा. 45 किलोच्या गोणीत 750 मोल युरिया भरतो. ठिबकमधून खत सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला मी हे करायला लावले, तेव्हा तिने घरी जाऊन दुसऱ्या खताच्या पिशवीवरचे आकडे आपणहून तपासले. तालुक्या-तालुक्यात अशी हुशारी पडून आहे.

नंदुरबारकडच्या मुलांचा विचार वेगळा करायला हवा. धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतून आलेल्या कित्येकांची घरची बोली भिली किंवा पावरी असते. मराठी ही त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्यांना पंधरा दिवसांत मोल समजावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. अकरावीचा पहिला पूर्ण महिना रसायनशास्त्रात मोल, द्रावणाची संहती (तीव्रता) आणि समीकरणावरून वजनाचा हिशेब यांनाच द्यावा. समजावणे मराठीत, अहिराणीत, जे मुलांच्या तोंडी असेल त्यात होऊ द्यावे, लिहिणे इंग्रजीत. आठवड्याला एक खरे प्रात्यक्षिक व्हावे, तेही वीस मुलांच्या तुकडीने. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मला मान्य नाही. पहिला महिना नीट गेला की पुढचे धडे वेगाने सरकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पालकांनीही दिवाळीच्या आत शाखा बदलण्याची घाई करू नये आणि पोराला घाईघाईने लातूर-कोट्याला धाडू नये.

शिक्षक कमी पडत असतील तर आमच्यासारखे निवृत्त लोक गावोगावी आहेत. दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. प्राचार्यांनी ती उघडून द्यावी, ब्युरेट आणि रसायने द्यावीत; आम्ही येऊ, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव