इथला पंचनामा नकाशावर होतो

ब्रोकन बो, कस्टर काउंटी, नेब्रास्का, अमेरिका

ती. काका,
सा. न.

तुम्ही विचारलंत, तिकडे दुष्काळ पडला की पंचनाम्याला कोण येतं? कुरणं वाळली तर कोणीच येत नाही. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा निघतो, त्यात मंगळवारपर्यंतची परिस्थिती धरलेली असते. चराईच्या हंगामात काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, एखादा कोपरा जरी 'डी-२', म्हणजे तीव्र दुष्काळाच्या रंगात सलग ४ आठवडे राहिला, तर सगळी काउंटी पात्र होते आणि एका महिन्याचे पैसे मिळतात. ८ पैकी ७ आठवडे राहिला तर दोन महिन्यांचे. ही सवलत २०२५ च्या कायद्याची, आधी त्या एका महिन्यासाठीच सलग ८ आठवडे लागायचे. त्याहून कडक 'डी-३' लागला की तीन महिने, सर्वांत कडक 'डी-४' चार आठवडे टिकला तर पाच.

'महिन्याचे पैसे' म्हणजे जनावरांच्या महिन्याभराच्या चाराखर्चाचे ६० टक्के. पण कुरण १२० गाईंपुरतं आणि गाई २००, तर हिशेब १२० चाच. बागायती कुरण यात धरत नाहीत.

लोक अडकतात ते नोंदीत. पैसे देतं फार्म सर्व्हिस एजन्सीचं, म्हणजे केंद्राच्या शेती खात्याच्या एका शाखेचं, काउंटी ऑफिस. तिथे शेताच्या हवाई फोटोवर एकेक तुकडा दाखवून पीक आणि एकर लिहून द्यावे लागतात. आपली ई-पीक पाहणीच म्हणा ना. गुरंवाला म्हणतो, पेरलंच काही नाही, तर नोंद कशाची? पण इथे गवतही पीकच. त्याची नोंद नसेल तर नकाशा कितीही लाल होवो, अर्ज पुढे सरकत नाही. कुरण तोंडी खंडाने घेतलेलं असेल तर करार कागदावर आणावा लागतो.

हिमवादळात किंवा उष्म्याने जनावरं मेली तर योजना वेगळी. आपल्याकडे दुभत्या गाईला ठरलेले ३७,५०० रुपये. इथे प्रकार आणि वजनानुसार सरासरी बाजारभावाचे ७५ टक्के, तेही नेहमीची मरतूक वजा करून. समजा ३०० वासरं आहेत आणि नेहमीची मरतूक ५ टक्के धरली, तर पहिली १५ गेलीच. ४० मेली तर पैसे २५ चे. किती मेली हे तारखेच्या फोटोंनी दाखवता येतं. अवघड जातं ते आधी किती होती हे दाखवणं. त्याला जन्मनोंदींची वही, बँकेकडची जनावरांची यादी, लसींच्या पावत्या असलं काहीतरी लागतं. अर्जाची मुदत पुढच्या वर्षीच्या १ मार्चपर्यंत, पण वही ऐन वादळातच लिहिलेली बरी. नंतर आठवून लिहिलेली वही कारकुनाच्या लगेच लक्षात येते, सगळ्या पानांवर एकच शाई!

पुरात किंवा वणव्यात कुंपण गेलं तर दुरुस्तीच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलतं. यात घाई नडते. गुरं रस्त्यावर येतील म्हणून माणूस दुसऱ्याच दिवशी नव्या तारा ओढतो आणि मंजुरीआधी काम केलं म्हणून हक्क घालवून बसतो. म्हणून आधी ऑफिसला फोन करायचा, आणि गुरं आवरायला तेवढ्यापुरती विजेची एकेरी तार बांधायची. जुने खांब, पडलेल्या तारा पाहणी होईपर्यंत जागच्या जागी.

आणि हो, चाऱ्याच्या आणि मेलेल्या जनावरांच्या पैशांवर आयकर लागतो.

तुमचा पुतण्या