सोर ह्वाना पुरस्कार ही राखीव जागा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत स्पॅनिशमधल्या लेखिकांच्या कादंबरीला मिळणाऱ्या ‘सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस’ पुरस्काराचा जेमतेम चार ओळींचा उल्लेख होता. त्यातही एक ओळ ‘साहित्यात बायकांसाठी राखीव जागा हवीच कशाला?’ या प्रश्नावर खर्ची पडली होती. मी स्पॅनिश शिकवते आणि हा पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्या बरीच वर्षं शोधून वाचत आले आहे. त्या एका ओळीला उत्तर द्यायलाच हवं, असं वाटलं.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात तिथल्या विद्यापीठाने १९८७ साली ग्रंथमेळा सुरू केला. नोव्हेंबरअखेरीस भरणारा हा मेळा स्पॅनिश ग्रंथव्यवहारातला सर्वांत मोठा मानला जातो. २०१९ साली तिथे सन्माननीय पाहुणा देश भारत होता. निकाराग्वाच्या लेखिका मिलाग्रोस पाल्मा यांच्या पुढाकाराने १९९३ पासून मेळ्यातर्फे हा पुरस्कार दिला जातो. स्त्रीने स्पॅनिशमध्ये लिहिलेली, छापून आलेली कादंबरी, एवढीच त्याची मूळ अट. लेखिका कुठल्या देशाची, हे पाहत नाहीत. रक्कम दहा हजार अमेरिकी डॉलर.

राखीव जागा म्हणताना शेजारी खुलं मैदान आहे, असं आपण गृहीत धरतो. ते मैदान कसं होतं ते पाहा. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्यांना आजवर अकरा नोबेल मिळाली आणि त्यांत स्त्री एकच, चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल. त्यांना नोबेल मिळालं १९४५ साली, आणि त्यांच्या स्वतःच्या देशाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार त्यानंतर सहा वर्षांनी, १९५१ मध्ये! स्पॅनिशचा सर्वोच्च मानला जाणारा सर्व्हान्तेस पुरस्कार १९७६ पासून दिला जातो. सोर ह्वाना पुरस्कार सुरू झाला तोवर तो दोघींनाच मिळाला होता, १९८८ साली मारिया साम्ब्रानो यांना आणि १९९२ साली दुल्से मारिया लॉयनास यांना. तिसरी लेखिका, आना मारिया मातुते, यायला २०१० उजाडलं. स्पॅनिश भाषेची राजअकादमी १७१३ सालची. तिथे पहिली स्त्री, कार्मेन कोंदे, निवडून आल्या १९७८ मध्ये. त्याआधी १९७२ साली मारिया मोलिनेर यांचं नाव पुढे आलं होतं. या बाईंनी स्पॅनिशच्या वापराचा दोन जाडजूड खंडांचा कोश एकटीने सिद्ध केला होता. अकादमीने त्यांना घेतलं नाही. हे वाचलं की मला आजही संताप येतो.

मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या हाती आलेल्या वाचनयादीत रुल्फो, बोर्हेस, कोर्तासार, गार्सिया मार्केस, वार्गास योसा होते. मोठेच लेखक, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण एका विद्यार्थिनीने यादी खालपर्यंत वाचून विचारलं, ‘‘मॅडम, यात एकही बाई नाही?’’ एलेना गार्रो तरी हव्या होत्या. मेक्सिकोतलं एक गाव स्वतःच आपली कहाणी सांगतं, अशी त्यांची कादंबरी १९६३ साली आली, म्हणजे गार्सिया मार्केस यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ या गाजलेल्या कादंबरीच्या चार वर्षं आधी. तरी लॅटिन अमेरिकी कादंबरीच्या साठच्या दशकातल्या भरभराटीची गोष्ट पुरुषांच्या नावांनीच सांगितली जाते, आणि गार्रो यांची ओळख दीर्घ काळ नोबेल मिळालेले कवी ऑक्टाव्हियो पाझ यांची एकेकाळची पत्नी अशी करून दिली गेली. सोर ह्वाना पुरस्कार त्यांना मिळाला १९९६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर. दोन वर्षांनी त्या गेल्या.

आणखी एक अडचण आहे, ती बाहेरून दिसत नाही. स्पॅनिश ही वीसेक देशांची भाषा, म्हणून एका ठिकाणी छापलेलं पुस्तक सगळीकडे मिळत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. माद्रिदची पुस्तकं सगळीकडे जातात, पण उरुग्वेच्या राजधानीतल्या, मोंतेविदेओतल्या, लहान प्रकाशकाची कादंबरी मेक्सिकोच्या दुकानात सहसा पोचत नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थांचीही देशोदेशी वेगळी कार्यालयं असतात आणि एकीचं पुस्तक दुसरी छापेलच असं नाही. अशा स्थितीत दर वर्षी एक परीक्षक मंडळ वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कादंबऱ्या एकाच टेबलावर ठेवून वाचतं, हे मला रकमेपेक्षा मोलाचं वाटतं. कोस्टा रिका, इक्वाडोर, उरुग्वे, कोलंबिया, चिली, अर्जेंटिना, स्पेन, इतक्या ठिकाणच्या लेखिका या यादीत आहेत.

‘राखीव’ म्हटलं की दर्जात तडजोड असणार, हा त्या ओळीतला न लिहिलेला अर्थ. मग पुस्तकांकडेच वळू. क्रिस्तिना रिवेरा गार्सा यांना २००१ साली पुरस्कार मिळाला तो ‘नादिए मे वेरा योरार’साठी. मेक्सिकोचे हुकूमशहा पोर्फिरिओ दिआस यांनी १९१० साली मोठ्या थाटात उघडलेलं ‘ला कास्तान्येदा’ नावाचं मेक्सिको सिटीचं मनोरुग्णालय, तिथे रुग्णांचे फोटो काढणारा एक छायाचित्रकार, आणि मातिल्दा बुर्गोस ही रुग्ण. लेखिका इतिहासाच्या अभ्यासक. त्या रुग्णालयाच्या जुन्या फायली वाचता वाचता कादंबरी घडली. २००९ साली त्यांना हाच पुरस्कार पुन्हा मिळाला. पुढे त्यांनी १९९० मध्ये खून झालेल्या आपल्या वीस वर्षांच्या बहिणीवर, लिलियानावर, पुस्तक लिहिलं आणि त्याला २०२४ साली पुलित्झर मिळालं. ग्वादालाहाराच्या परीक्षकांनी त्यांना तेवीस वर्षं आधी हेरलं होतं.

२०२० साली हा मान अर्जेंटिनाच्या कामिला सोसा वियादा यांच्या ‘लास मालास’ला मिळाला. कोर्दोबा शहरातल्या सार्मिएंतो बागेत रात्री धंद्याला उभ्या राहणाऱ्या ट्रान्स बायकांना एक टाकून दिलेलं तान्हं मूल सापडतं आणि त्या ते वाढवायला घेतात. लेखिका स्वतः ट्रान्स स्त्री आहेत. स्त्रियांसाठीचा पुरस्कार त्यांना देताना मंडळाने दार उघडं ठेवलं, याचा मला फार आनंद झाला. पुढच्याच वर्षी उरुग्वेच्या फर्नांदा त्रियास यांची ‘मुग्रे रोसा’ आली. विषारी लाल वारा सुटलेलं किनाऱ्यावरचं शहर, आणि कधीच न शमणाऱ्या भुकेचा आजार असलेल्या मुलाला सांभाळणारी बाई. वर्गात यातली काही पानं वाचली त्या दिवशी तास संपला तरी कोणी उठलं नाही.

आणि ते नाव! सोर ह्वाना सतराव्या शतकातली मेक्सिकोची जोगीण, म्हणजे कॅथलिक नन, आणि कवयित्री. मुलाचा वेश देऊन मला विद्यापीठात पाठवा, म्हणून तिने लहानपणी आईपाशी हट्ट धरला होता. ठरवलेल्या मुदतीत धडा आला नाही की ती स्वतःचे केस कापायची. ज्ञान नसलेल्या डोक्यावर केसांची शोभा कशाला, असं तिचं म्हणणं. पुएब्लाच्या बिशपने एका जोगिणीच्या टोपणनावाआड राहून तिला ऐहिक विद्या आवरती घेण्याचा उपदेश केला, तेव्हा १६९१ साली तिने उत्तर लिहिलं. त्यात स्वयंपाकघरात अंडं तळताना काय काय कळतं ते सांगून ती म्हणते, अरिस्टॉटलने रांधलं असतं तर त्याने आणखी बरंच लिहिलं असतं. चार वर्षांनी, साथीत आजारी पडलेल्या जोगिणींची शुश्रूषा करताना ती गेली.

पुरस्काराबद्दल माझी एक नाराजी आहे, ती याच नावामुळे. सोर ह्वाना मुळात कवयित्री, पण तिच्या नावाचा हा पुरस्कार कवितेला मिळू शकत नाही, कथासंग्रहालाही नाही. तीस वर्षं उलटून गेली, आता आयोजकांनी कवितेसाठी दुसरा पुरस्कार सुरू करायला हवा.

आपल्याकडे एकच मागणी. पुरस्कार ग्रंथमेळ्यात दिला जातो, त्याआधी निकाल जाहीर होतो. या वर्षीच्या बातमीत ‘महिला लेखिकेचा गौरव’ एवढ्यावर न थांबता कादंबरीचं नाव, लेखिकेचा देश आणि कादंबरी कशाविषयी आहे हे छापा. जागा दोन परिच्छेदांची दिलीत तर मजकूर लिहून द्यायची माझी तयारी आहे.

आपली,
स्पॅनिशची एक शिक्षिका